पण, दार, खोर : आपल्या नामप्रत्ययांची कुळकथा



एका पावसाळ्यात सकाळच्या वेळी आमच्या दवाखान्यात एक मावशी नातवाला घेऊन आल्या. मुलगा नऊ-दहा वर्षांचा. डोके दुखते, डोळे चुरचुरतात, रात्री लवकर झोप येत नाही, अशा त्याच्या तक्रारी. मी विचारपूस करीत होतो, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दुसरं काही नाही, याचा मोबाईलखोरपणा आहे हा. जेवताना बी तेच, झोपताना बी तेच. त्याच्यावर गोळ्या द्या."

केसपेपरवर लिहिता लिहिता मी थांबलो. 'मोबाईलखोरपणा' हा शब्द मावशींना कोणी शिकवलेला नव्हता. त्यांनी तो बसल्या जागी घडवला, आणि मला, त्यांच्या नातवाला व बाकावर बसलेल्या बाकीच्या रुग्णांना तो त्याच क्षणी कळला. या शब्दाचे तुकडे करून पाहा. 'मोबाईल' इंग्रजी, 'खोर' फारसी, आणि 'पणा' प्राकृतातून आलेला, ज्याचे मूळ थेट वेदकाळापर्यंत जाते. तीन भाषांचा हा ऐवज एका निरक्षर बाईंनी सहज जोडला, आणि जोडून झालेला शब्द मात्र नि:संशय मराठी आहे.

आपल्या चिटणिसांनी यंदाच्या व्याख्यानमालेसाठी विषय विचारला, तेव्हा मला हाच शब्द आठवला. मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. आयुष्य साबुदाण्याच्या गोळ्या देण्यात गेले. परंतु रोग्याचे बोलणे शब्दन् शब्द ऐकून घ्यायचे, हे आमच्या शास्त्राने शिकवले आणि त्या ऐकण्यातून ही आवड लागली. या लेखात मराठीतली नामे घडवणारे प्रत्यय कोठून आले, ते सांगणार आहे. आणि त्यातून आपणा मुधोळकरांच्या मनात सलणाऱ्या एका प्रश्नाला उत्तर मिळते का, तेही पाहणार आहे.

तो प्रश्न आपल्याला चांगला ठाऊक आहे. १९५६ पर्यंत मुधोळ हा नांदेड जिल्ह्यातला तालुका होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला भाषावार राज्ये झाली. मुधोळ, भैंसा आणि कुबीरचा भाग आंध्र प्रदेशात आदिलाबाद जिल्ह्याला जोडला गेला आणि धर्माबादकडचा भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. घरे जागेवरच राहिली, राज्य बदलले. पुढे २०१६ मध्ये आपण निर्मळ जिल्ह्यात आलो, तरी पत्त्यावर पुष्कळांचे हात अजून आदिलाबादच लिहितात. या सगळ्या काळात आपली मराठी घरात राहिली, आणि शाळेत व कचेरीत उर्दू, तेलुगू, इंग्रजी यांच्या शेजारी बसत आली. मी पदवीसाठी बाहेरगावी गेलो तेव्हा वसतिगृहात पहिल्याच दिवशी एकाला "काय करायलास?" असे विचारले. सगळी खोली हसली. "तुमची मराठी भेसळीची," असे एकाने म्हटले. ते वाक्य मी बरीच वर्षे खरे मानून चाललो. आपल्यापैकी अनेकांनी असे वाक्य कोठे ना कोठे ऐकले असेल. म्हणून प्रश्न असा की भेसळ म्हणजे काय, आणि भाषा बिघडली किंवा आटली हे ओळखायचे कशावरून?

आधी प्रत्यय म्हणजे काय ते पाहू. 'लहान' हे विशेषण, 'लहानपण' हे नाम. 'दुकान' ही वस्तू, 'दुकानदार' हा माणूस. 'पेरणे' ही क्रिया, 'पेरणी' हे तिचे नाव. यांतले 'पण', 'दार', 'णी' एकटे फिरत नाहीत. कोणी तुम्हाला "थोडा पणा द्या" असे म्हणणार नाही. ते दुसऱ्या शब्दाच्या आधाराने उभे राहतात, आणि तरीही त्या शब्दाची जात तेच ठरवतात. शब्द पाहुण्यासारखे येतात-जातात. प्रत्यय घरच्या माणसांसारखे असतात. मात्र घरची माणसेही कधीतरी कोठून तरी आलेलीच असतात. त्यांचे येण्याचे तीन रस्ते आपण पाहू.

पहिला रस्ता झिजण्याचा. कुंभ करणारा तो कुंभकार. बोलता बोलता मधला 'क' गेला आणि 'कुंभार' राहिला. तसाच सुवर्णकाराचा सोनार झाला, लोहकाराचा लोहार, कांस्यकाराचा कासार आणि चर्मकाराचा चांभार. 'कार' हा एके काळी स्वत:चा अर्थ असलेला शब्द होता. तो झिजून नुसता 'आर' उरला. याच ओळीत आपण सुतारालाही बसवतो. पण तेथे गफलत होते. सुतार हा सूत्रकार नव्हे, तो 'सूत्रधार' आहे. लाकडावर सूत धरून रेघ मारणारा. प्राकृतात त्याचा 'सुत्तहार' झाला आणि मराठीत सुतार. म्हणजे कुंभारातला 'आर' करण्याचा आणि सुतारातला 'आर' धरण्याचा. तांबट तर आणखी निराळा. तो ताम्रकुट्ट, म्हणजे तांबे कुटणारा. त्याच्या शेवटच्या 'ट'मध्ये हातोडीचा घाव लपला आहे.

आमच्या धंद्यात एक धडा पहिल्या वर्षापासून गिरवतात. लक्षण एक म्हणून कारण एक, असे समजू नये. प्रत्ययांचेही तसेच. 'तेली', 'गरिबी' आणि 'मराठी' या तिन्ही शब्दांच्या शेवटी 'ई' आहे. तेल्यातली 'ई' संस्कृत तैलिकातल्या 'इक'ची झीज आहे, तशीच माळ्यातली मालिकातल्या 'इक'ची. गरिबीतली 'ई' फारसी आहे. गुणाचे नाव करणारी. दोस्ती, खुशी, मर्दुमकी यांतही तीच. आणि मराठीतली 'ई' संस्कृतातली स्त्रीलिंगी. महाराष्ट्री, तिची प्राकृतात मरहट्ठी, तिची मराठी. तीन कुळांतल्या तीन 'ई' एकाच वेषात आपल्या तोंडात नांदतात आणि आपण त्यांना कधी जात विचारली नाही.

दुसरा रस्ता वारशाचा, आणि 'पण' या प्रत्ययाची कथा तेथली. पुष्कळ सुशिक्षित माणसे समजतात की 'मनुष्यत्व' हा शुद्ध शब्द आणि 'माणूसपण' हा त्याचा गावठी अवतार. माझीही समजूत तशीच होती. प्रत्यक्षात 'पण' हा 'त्व'ची बिघडलेली प्रत नव्हेच. ऋग्वेदात 'त्व'च्या बरोबरीने 'त्वन' असा एक प्रत्यय आहे. 'महित्वन' म्हणजे मोठेपण, 'सखित्वन' म्हणजे सख्य. पुढच्या अभिजात संस्कृताने 'त्व' ठेवला आणि 'त्वन' सोडून दिला. पण बोलणाऱ्या लोकांनी तो सोडला नाही. प्राकृतात तो 'त्तण' झाला, अपभ्रंशात 'प्पण' झाला आणि मराठीत 'पण' होऊन उतरला. हिंदीतला 'पन' आणि गुजरातीतला 'पण' त्याचीच भावंडे.

'त्व'चा 'प' कसा झाला, असे कोणी विचारील. जिभेची ती जुनी सवय आहे. अशोकाच्या गिरनार येथील शिलालेखात 'चार' या अर्थी 'चत्पारो' असे कोरलेले आहे. संस्कृत 'चत्वार:' मधल्या 'त्व'चा 'त्प' होण्याचा तो दगडावरचा पुरावा. 'आत्मन्' या शब्दाचे 'आपण' झाले, तेही याच चालीने. म्हणजे तुमच्या-माझ्या बोलण्यातले 'आपण' आणि 'आपलेपण' हे शब्द दोन हजार वर्षांहून जुन्या उच्चारांची खूण बाळगून आहेत.

हा वारसा लिहून ठेवणाऱ्यांमध्ये एक नाव मला विशेष जवळचे वाटते. बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी मोठे व्याकरण रचले, त्याचा आठवा अध्याय प्राकृतासाठी दिला आणि त्यात अपभ्रंशही घेतला. 'त्तण' आणि 'प्पण' या दोन्ही रूपांची नोंद तेथे आहे. जैन घरात वाढलेल्या मुलाच्या कानावर प्राकृत लहानपणापासून पडते, परंतु ते पाठांतराचे असते. तीच भाषा आपल्या 'लहानपण' या शब्दाच्या शेवटी रोज बोलली जाते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. विसाव्या शतकात फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या प्रत्ययांचा असा वंशवृक्ष मांडणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

वारशाने आलेले प्रत्यय आणखीही आहेत. संस्कृत 'करणम्' मधल्या 'अन'पासून आपले 'करणे', 'खाणे', 'गाणे' झाले. 'इनी'पासून 'ईण' झाली. हस्तिनीची हत्तीण झाली, आणि त्याच साच्यात माळीण, सुतारीण, शेजारीण बसल्या. आमच्या घरातून औषधाच्या पुड्या बांधून देणाऱ्या बाईंना गावाने 'डॉक्टरीणबाई' केले, तेव्हा इंग्रजी डॉक्टराला हजारो वर्षांपूर्वीचे शेपूट लागले.

तिसरा रस्ता राज्यकारभाराचा. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि आपल्याकडे थेट १९४८ पर्यंत हैदराबादचे निजाम. या साऱ्यांच्या दफ्तरातून फारसी प्रत्यय आले. 'दार' म्हणजे धरणारा, बाळगणारा: जमीनदार, तहसीलदार, हवालदार. 'खाना' म्हणजे घर: कारखाना, छापखाना, दवाखाना. 'नवीस' म्हणजे लिहिणारा, त्याचा आपण 'नीस' केला: चिटणीस, फडणीस, पोतनीस. 'खोर' म्हणजे खाणारा: लाचखोर, नफेखोर, भांडखोर. 'गार' कामगारात आणि सल्लागारात आहे. 'दाणी' म्हणजे ठेवण्याचे पात्र: अत्तरदाणी, फुलदाणी, मच्छरदाणी. आणि 'गिरी'. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या ग्रंथाला 'गुलामगिरी' हे नाव दिले. २००६ मध्ये एका हिंदी चित्रपटाने 'गांधीगिरी' हा शब्द घरोघर पोचवला. या दोन शब्दांत सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर, पण प्रत्यय तोच आणि तितकाच तरतरीत.

हे प्रत्यय घालवण्याचे प्रयत्नही झाले. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश केला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. स्वराज्याला स्वत:ची भाषा असावी, हा त्यामागचा विचार मोठा होता. पण लोकांच्या तोंडचे 'दार' आणि 'नीस' गेले नाहीत. मुजुमदार, फडणीस, चिटणीस ही तर आडनावे झाली आणि आज मराठी साहित्य सांभाळणाऱ्या संस्थेच्या चिटणिसाला कोणी परका म्हणत नाही. याचे कारण साधे आहे. हे प्रत्यय आता फक्त फारसी शब्दांना लागत नाहीत. 'ठेवीदार' मधली ठेव आपली आहे. 'कामगार' मधले काम संस्कृत कर्मातून आले आहे. 'भांडखोर' मधले भांडणही आपलेच. प्रत्यय जेव्हा घरच्या शब्दाला लागू लागतो, तेव्हा तो पाहुणा राहत नाही.

शिवाय ज्याला आपण परका म्हणतो तो किती परका आहे, हेही पाहावे. फारसी 'दार' आणि संस्कृत 'धार' यांचे मूळ एकच, धरणे या अर्थाचे. म्हणजे सूत्रधारापासून झालेला सुतार आणि त्याच्या शेजारचा दुकानदार हे दूरचे भाऊबंद निघतात. फुलदाणीतली 'दाणी' आणि राजधानीतली 'धानी' याही तशाच एका घरच्या. दोहोंचा अर्थ ठेवण्याची जागा. संस्कृत आणि फारसी या बहिणी फार पूर्वी वेगळ्या झाल्या, आणि हजारो वर्षांनी मराठीच्या ओसरीवर पुन्हा भेटल्या.

हा खेळ जगभर असाच चालतो. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ४ ऑक्टोबर १९५७ ची बातमी आठवत असेल. रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, त्याचे नाव स्पुतनिक. या शब्दात 'स' म्हणजे सोबत, 'पुत' म्हणजे वाट, आपल्या 'पथ' शब्दाचा नातलग, आणि 'निक' हा नाम करणारा प्रत्यय. अर्थ झाला वाटेतला सोबती. स्लाव्ह भाषांमधला हा 'निक' मुळात दोन तुकड्यांचा आहे. विशेषण करणारा 'न' आणि त्यापुढे 'इक'. लोक सांधा विसरले आणि दोहोंचा मिळून एक प्रत्यय झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रलेखकाने त्या धर्तीवर 'बीटनिक' असा शब्द काढला आणि तो रूढ झाला. दोन राष्ट्रांत शीतयुद्ध चालू होते, पण प्रत्ययाला कोणी सरहद्दीवर अडवले नाही. रशियन भाषेत भावाला 'ब्रात' आणि बंधुभावाला 'ब्रात्स्त्वो' म्हणतात. त्यातला 'त्वो' आणि आपल्या 'भ्रातृत्व' मधला 'त्व' भाषाशास्त्रज्ञ एकमेकांशेजारी ठेवून पाहतात. इंग्रजीतला 'चाइल्डहुड' मधला 'हुड' तर एके काळी 'अवस्था' या अर्थाचा स्वतंत्र शब्द होता. आपल्या 'कार'सारखाच तो पुढे प्रत्यय झाला.

इतके दूर कशाला, आपल्या गल्लीतच या. लहानपणाला तेलुगूत 'चिन्नतनम्' म्हणतात, मोठेपणाला 'गोप्पतनम्', चांगुलपणाला 'मंचितनम्'. आता प्राकृतातला 'त्तण' आठवा आणि तेलुगूतला 'तनम्' त्याच्या शेजारी ठेवा. कन्नडातही 'दोड्डतन' म्हणजे मोठेपण. द्राविडी भाषांनी हा प्रत्यय प्राकृताकडून घेतला असे अनेक अभ्यासक मानतात. काही जण त्याचे मूळ द्राविडीतच शोधतात. निर्णय पंडितांनी करावा. आपण एवढे पाहू शकतो की गोदावरीच्या काठी मराठी आजी 'लहानपण' म्हणते आणि तेलुगू आजी 'चिन्नतनम्' म्हणते, तेव्हा दोघी सारख्याच चालीने शब्द बांधत असतात. आणि दोघीही औषधाला येतात 'दवाखान्यात'च. तेलंगणातल्या तेलुगूने हा शब्द अजून टाकलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भाषेत परके शब्द आले म्हणजे ती बिघडली, ही कसोटी टिकत नाही. त्या कसोटीवर पुण्याची मराठीही उतरणार नाही आणि नांदेडचीही. मग भाषेची प्रकृती पाहायची कशी? मला वाटते, प्रत्ययावर बोट ठेवून. नाडी पाहावी तसे. प्रत्यय नव्या शब्दाला लागतो आहे का, एवढेच तपासावे.

'आर' हा प्रत्यय आता थांबला आहे. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला कोणी 'मोबाईलार' म्हणणार नाही. कुंभार, सोनार हे शब्द जिवंत आहेत, पण त्या साच्यात नवा शब्द पडत नाही. त्याच कामाला आता 'वाला' येतो. हा 'पाल' म्हणजे सांभाळणारा, यापासून आला असे मानतात. रिक्षावाला, केबलवाला, मोबाईलवाला. लिहिण्यावाचण्याच्या जगात तर जुना 'कार' संस्कृतातून नव्याने परत आला आहे: पत्रकार, कथाकार, नाटककार. 'कर' जोमात आहे. मुधोळकर, धर्माबादकर होतेच, आता दुबईकरही झाले. आमच्या समाजात हेच काम 'वाल' करतो. ओसियाँचे ओसवाल, खंडेल्याचे खंडेलवाल. 'की' जिवंत आहे, म्हणून पाटीलकीच्या पाठोपाठ मास्तरकी आणि डॉक्टरकी आली. 'ईण', 'गिरी', 'खोर' जिवंत आहेत. आणि 'पणा' तर सर्वांत धडधाकट. त्याला कोणताही शब्द द्या, इंग्रजी असो की तेलुगू, तो त्याचे मराठी नाम करून देतो.

म्हणून माझे निदान असे आहे. मुधोळची मराठी भेसळीची नाही. ती मराठी जशी आजवर घडत आली, तशीच घडते आहे. त्या मावशींच्या तोंडी ती ठणठणीत आहे. काळजी आहे ती वेगळ्याच ठिकाणी. मावशींनी 'मोबाईलखोरपणा' म्हटले तेव्हा नातवाला ते कळले, तो लाजून हसलाही. पण तो स्वत: तसा शब्द घडवील का? समजणे आणि घडवणे यांत फरक आहे. ज्या मुलाला आजीचे बोलणे कळते पण उत्तर मात्र तेलुगूत किंवा इंग्रजीतच सुचते, त्याच्या घरात मराठीचे शब्द काही काळ राहतील, प्रत्यय मात्र कामावर येईनासे होतील. कुंभारातल्या 'आर'सारखे ते जागच्या जागी गोठतील. भाषा आटते ती अशी, आवाज न करता.

यावर माझ्याकडे गोळी नाही. पथ्य मात्र सांगतो. मुलांच्या बोलण्यात इंग्रजी-तेलुगू शब्द आले तर त्यांना टोकू नका. टोकले की मूल गप्प होते, आणि गप्प मुलाची भाषा वाढत नाही. त्याऐवजी शब्दाच्या शेवटाकडे कान द्या. "व्हिडिओ करणाऱ्याला काय म्हणशील? असे सारखे रुसण्याला काय म्हणशील?" असे खेळता खेळता विचारा आणि जे नाव ते काढील, ते हसून स्वीकारा, कोशात नसले तरी. वसंत पंचमीला आपण लेकरांना बासरला नेतो आणि सरस्वतीसमोर अक्षराभ्यास करवतो. अक्षर हातात दिले, तसा शब्द घडवण्याचा हक्कही त्यांच्या हाती द्यायला हवा.

तो मुलगा पंधरा दिवसांनी पुन्हा आला. झोप सुधारली होती. मी विचारले, "काय रे, मोबाईल कमी केलास ना?" तो आजीकडे बोट दाखवून म्हणाला, "मी कमी केला. आता हिचाच सीरियलखोरपणा वाढलाय."

मावशी रागावल्या. मी मात्र केसपेपरवर 'सुधारणा आहे' असे लिहिले.